पूर्वजांचे विमान

जुन्या वाड्याच्या माळ्यावर एखादी लोखंडी पेटी हटकून असते. तीत कोणा काकांची वा आजोबांची लष्करी टोपी, दोनचार पदके, पिवळे पडलेले एक छायाचित्र आणि इंग्रजीत छापलेले सेवामुक्तीचे प्रमाणपत्र एवढा ऐवज सापडतो. घरातील मुले तो पाहतात, क्षणभर कुतूहल करितात, आणि पेटी पुन्हा माळ्यावर जाते. अलीकडे मात्र काही सुशिक्षित घरांत एक नवी चाल दिसू लागली आहे. आपल्या आप्ताने युद्धकाळात जे विमान चालविले, किंवा ज्या विमानावर हात काळे केले, त्याची लहानशी प्रतिकृती कारागिराकडून मुद्दाम करवून घ्यावयाची व ती दिवाणखान्यात ठेवावयाची. ही चाल योग्य की अयोग्य, आणि योग्य असल्यास ती कशी पाळावी, ह्याविषयी ह्या महिन्यात चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

कोणी म्हणतील, हे साहेबी खूळ होय. मला तसे वाटत नाही. आपल्या वऱ्हाडात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. सुताराने घडविलेले लाकडी बैल सजवून मुले घरोघर हिंडतात, आणि वर्षभर राबलेल्या मुक्या जिवाचा गौरव लाकडाच्या रूपाने होतो. चटश्राद्धात ब्राह्मणाच्या आसनावर दर्भाचा चट बसवितात, हेही वाचकांस ठाऊक आहे. ह्याहून मार्मिक विधी पालाशविधीचा. ज्याचा देह दूर देशी पडला व आप्तांच्या हाती लागला नाही, त्याच्यासाठी पळसाच्या ३६० पर्णवृंतांचा पुतळा करून त्यावर संस्कार करावा, असे धर्मशास्त्र सांगते. मस्तकास किती, छातीस किती, हातापायांस किती, ह्याची संख्याही ठरवून दिलेली आहे. पळसाचा वाटेल तसा भारा बांधून भागत नाही. जो गेला त्याचे अवयव मोजून उभे करावयाचे, तेव्हाच ते त्याचे स्मरण ठरते. विमानाच्या प्रतिकृतीसही मी हाच नियम लावीन. ती कोणत्याही सुंदर विमानाची नसून त्याच माणसाच्या त्याच विमानाची असावी.

ह्याचे उदाहरण म्हणून मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिणकर ह्यांची हकीगत पाहावी. केंब्रिज येथील जीझस कॉलेजात शिकलेला हा तरुण पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात वैमानिक झाला. त्या काळी त्या दलात हिंदी वैमानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. वेलिणकर २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होते. २७ जून १९१८ रोजी ते उड्डाणावर गेले ते परतले नाहीत. शत्रूच्या हद्दीत जखमी अवस्थेत सापडून ३० जून रोजी त्यांचा अंत झाला. परक्यांनी पुरताना नावाची अक्षरे बिघडविली, त्यामुळे थडगे कोणाचे हेच प्रथम उमगेना. पुढे चौकशीअंती ओळख पटली. आज फ्रान्समधील हांगार येथील युद्धस्मशानात त्यांच्या नावाचा दगड आहे.

आता समजा, ह्या वीराच्या स्मरणार्थ कोणास प्रतिकृती करवून घ्यावयाची आहे. बाजारात त्या युद्धाची दुपंखी विमाने पुष्कळ मिळतात. त्यांत ‘कॅमल’ असते, आणि ‘एस. ई. ५ ए’ही असते. इंद्रलाल रॉय ह्या बंगाली वीराने जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विजय मिळविले, ते ‘एस. ई. ५ ए’ विमानातून. परंतु वेलिणकरांचे विमान ह्या दोहोंहून निराळे होते. ते ‘सॉपविथ डॉल्फिन’. बहुतेक दुपंखी विमानांत वरचा पंख खालच्या पंखाच्या किंचित पुढे असतो. डॉल्फिनमध्ये वरचा पंख मागे व खालचा पुढे, असा उलटा प्रकार होता. वरच्या पंखाचा मधला भाग उघड्या चौकटीसारखा ठेविलेला असे, आणि वैमानिकाचे मस्तक त्या चौकटीतून पंखाच्या वर निघे. त्यामुळे त्यास वरचे व पुढचे आकाश मोकळे दिसे. पण उतरताना विमान उलटले, तर पहिला आघात त्याच मस्तकावर होण्याचे भय असे. ही एक गोष्ट प्रतिकृतीत बरोबर उतरली, म्हणजे तो तरुण रोज कोणत्या जागी बसत होता, हे घरातील दहा वर्षांच्या मुलासही न सांगता समजते. ती चुकली, तर पाटीवर नाव वेलिणकरांचे आणि विमान दुसऱ्या कोणाचे, असा प्रकार होतो. थडग्यावरील बिघडलेल्या नावासारखाच तोही एक अपपाठ होय.

तेव्हा कारागिराकडे जाण्यापूर्वी कागदपत्रांकडे जावे. वैमानिकाच्या घरी त्याची उड्डाणवही सापडल्यास तिच्यासारखे साधन नाही. तीत प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाची जात, त्याचा क्रमांक, कामगिरी व हवेत घालविलेला वेळ ह्यांची नोंद असते. वही नसल्यास सेवेचे प्रमाणपत्र, पत्रांवरील पत्ते, छायाचित्राच्या पाठीवरील अक्षरे ह्यांवरून स्क्वाड्रन व वर्ष तरी ठरवावे. एकाच स्क्वाड्रनने निरनिराळ्या वर्षी निरनिराळी विमाने वापरिलेली असतात, म्हणून नुसता स्क्वाड्रनचा क्रमांक पुरत नाही.

रंगाच्या बाबतीत छायाचित्रावर विसंबू नये. जुन्या काळच्या कित्येक फिती तांबड्या रंगास आंधळ्या असत. त्यांवर तांबडे काळसर आणि निळे फिकट उमटे. दुसरी सावधगिरी ब्रह्मदेशाच्या आघाडीसंबंधी. ब्रिटिश विमानांवरील वर्तुळाकार खुणेत मध्यभागी तांबडा ठिपका असे. परंतु जपानी विमानांवर तांबडा गोळाच असल्यामुळे आपल्याच तोफा आपल्या विमानांवर चालण्याचे भय निर्माण झाले. म्हणून त्या आघाडीवर तांबडा रंग काढून टाकून केवळ निळ्या व पांढऱ्या छटांची खूण ठेविण्यात आली. १९४४ सालच्या इम्फाळच्या विमानावर कोणी तांबडा ठिपका काढून दिल्यास, तो कितीही रेखीव असला, तरी परत करावा.

आकाराचा हिशेब सोपा आहे. ‘हरिकेन’ विमानाचा पंखविस्तार ४० फूट, म्हणजे ४८० इंच. अठ्ठेचाळिसांश प्रमाण धरिल्यास प्रतिकृती दहा इंचांची होते, बत्तिसांशाने पंधरा इंचांची, चोविसांशाने वीस इंचांची. डॉल्फिनचा विस्तार साडेबत्तीस फूट. चोविसांशाने तो सव्वासोळा इंच येतो. कपाटाची रुंदी आधी मोजावी व मग प्रमाण ठरवावे. लाकूड शिवणीचे बरे, कारण ते हलके असून कोरण्यास सोपे व सहसा न वाकणारे असते. साग टिकाऊ खरा, पण जड. कारागिरास तिन्ही बाजूंची आकृती लेखी प्रमाणासह द्यावी, कामाचे टप्पे ठरवावे, आणि रंग चढण्यापूर्वी कोरे लाकूड एकवार डोळ्यांखालून घालावे. रंगाखाली गेलेली चूक मग कोणाच्याच सोयीची राहत नाही.

येथवर साधनांचा विचार झाला. ह्यापुढचा प्रश्न मनाचा आहे, आणि तो अधिक कठीण आहे. आमच्या अंजनगावातील एका एकत्र कुटुंबात तो नुकताच उपस्थित झाला. त्या घरातील एक चुलत आजोबा दुसऱ्या महायुद्धात हिंदी वायुदलात होते. नातवंडांनी ‘स्पिटफायर’ करवून घेण्याचे ठरविले, कारण त्याचे लंबगोल पंख फार देखणे. पाटीसाठी वीरश्रीयुक्त संस्कृत ओळ रचून द्यावी, म्हणून ते मजकडे आले. मी प्रथम प्रमाणपत्र मागितले. त्यावर हुद्दा होता फिटरचा. आजोबांनी विमान चालविले नव्हते. ते इंजिने दुरुस्त करीत. पत्रांवरून ते १९४४ साली इम्फाळास होते असे निघाले. पहिली स्क्वाड्रन त्या वर्षी फेब्रुवारीत अर्जनसिंग ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथे गेली, ती हरिकेन विमाने घेऊन. मार्चच्या अखेरीपासून २२ जूनपर्यंत जपान्यांनी इम्फाळास वेढा दिला होता. रस्ते तुटलेले आणि अन्न व दारूगोळा विमानाने येणारा. अशा स्थितीत रात्री कंदिलाच्या उजेडात इंजिन उघडून सकाळी ते उड्डाणास सिद्ध करणे, ही फिटरची लढाई होती.

हे ऐकून मुलांचे चेहरे पडले. एकजण हळूच म्हणाला, “मास्तर, फिटर म्हटल्यावर पाहुण्यांना काय सांगायचं?” हा प्रश्न त्या एका मुलाचा नव्हे, आपल्या साऱ्या समाजाचा आहे. हाताने काम करणारा पूर्वज आपणांस थोडा ओशाळवाणा वाटतो. आमचे गाव इतिहासात प्रसिद्ध आहे ते ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व इंग्रज ह्यांच्यात झालेल्या तहामुळे. तहाच्या बाजूने कोण होते, हे शाळेतील मूल सांगेल. पण त्याच्या महिनाभर आधी अडगावच्या रणात ज्यांनी तोफांचे बैल हाकले व गाडे ओढले, त्यांतील एकाचेही नाव गावात कोणास येत नाही. आपल्या घरच्या माणसाचे नाव आपण खोट्या पोषाखात झाकले, तर पुढील पिढीत तेही तसेच नाहीसे होईल.

त्या घरात दुसरीही अडचण होती. त्याच आजोबांचे वडील बंधू १९४२ च्या चळवळीत तुरुंगात गेलेले. आष्टी, चिमूर, बेनोडा, यावली ह्या गावांनी त्या वर्षी जे सोसले, ते वऱ्हाड-नागपूर प्रांतात कोणी विसरलेले नाही. तेव्हा इंग्रजांच्या चाकरीचे स्मारक घरात कशाला, असे एका वडीलधाऱ्या आत्याबाईंचे म्हणणे पडले. ते टाकाऊ नव्हते. परंतु जुन्या पत्रांत एक गोष्ट आढळली. धाकट्याच्या पगारातून दरमहा येणाऱ्या मनिऑर्डरीवर त्या दिवसांत तुरुंगातील भावाची बायकामुले जगली. एकाच्या त्यागास दुसऱ्याच्या चाकरीचा टेकू होता. हे वाचून दाखविल्यावर आत्याबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनीच सुचविले की, तुरुंगवासाचे प्रमाणपत्र आणि विमान एकाच फळीवर ठेवावे, एकाच्या वर दुसरे नको.

अखेर हरिकेनच करविण्यात आले, आणि त्याच्या इंजिनावरील पत्रा एका बाजूने उघडा ठेविला आहे. आतील बारा सिलिंडरांचे मर्लिन इंजिन कोरताना सुताराने पंखांपेक्षा अधिक दिवस घेतले. शेजारी शिडी टेकविलेली आहे. वैमानिकाची जागा रिकामी आहे. पाटीसाठी मी संस्कृत ओळ दिली नाही. साध्या मराठीत नाव, हुद्दा, स्क्वाड्रन, ठिकाण व वर्ष एवढेच लिहून दिले. विशेषण एकही नाही. पाहुणे आले म्हणजे आता तोच मुलगा पत्रा का उघडा आहे हे सांगावयास पुढे येतो, असे ऐकतो.

ज्यांच्या माळ्यावर अशी पेटी असेल, त्यांनी ती येत्या पितृपक्षाच्या आधी खाली काढावी. त्या काळचे प्रत्यक्ष पाहिलेले लोक आता नव्वदीच्या पुढे गेले आहेत. कागदावरचा क्रमांक पुढेही वाचता येईल. छायाचित्रातील शेवटच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, हे सांगणारे माणूस मात्र आज घरात असेल, तर आजच विचारून पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवावे. विमान त्यानंतर सावकाश करविले तरी चालेल.