गोळीबरोबर काय खावे?

मागच्या महिन्यात शाळा सुटताना आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीची अम्मी भेटायला आली. मुलीचा निकाह ठरलेला. तिने पर्समधून लेबल नसलेली डबी काढली. आत पिवळ्या पावडरच्या कॅप्सूल होत्या. ‘‘टीचर, जिममधल्या मैत्रिणीने दिल्यात. वजन झटपट उतरतं म्हणे. पण अंगाची नुसती आग होते. यासोबत तिला काय खायला देऊ? ताक, काकडी चालेल ना?’’

आम्ही भाषा शिकवणारी माणसे, औषधातले आम्हाला काय कळणार! डबी घेऊन गोखिवऱ्यातल्याच आमच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, ‘‘आधी गोळी बंद करा आणि मुलीला आत्ताच घेऊन या. आत काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण मला डीएनपीची शंका येते.’’

हे डीएनपी म्हणजे डायनायट्रोफिनॉल. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ते स्फोटकांसाठी वापरत. 1933 मध्ये अमेरिकेत वजन कमी करण्यासाठी त्याचा प्रचार झाला. मग लोकांना मोतीबिंदू होऊ लागले, काही दगावले आणि 1938 मध्ये तिथे ते माणसांसाठी घातक ठरवले गेले. आपल्याकडे 2020 च्या सुरुवातीला ठाण्यातली एक तरुणी अशीच गोळी घेतल्यावर दिवसभराच्या आत गेली.

अन्नातून मिळणारी शक्ती शरीर एरवी कामासाठी साठवते. डीएनपी ती साठवूच देत नाही, सगळी उष्णता करून टाकते. चरबी जळते, पण माणूसही आतून तापत जातो. घाम, धाप, धडधड, उलटी, मग भ्रम आणि झटके. यावर उतारा नाही. म्हणून ‘सोबत काय खावे’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ताकाने, सब्जाने किंवा भात सोडल्याने हे विष सौम्य होत नाही. कुणी घेतलेच असेल तर तापाची गोळी देऊन वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि डबी सोबत न्या.

‘हर्बल’ शब्दालाही भुलू नये. अशा काही पुड्यांत सिब्युट्रामीन सापडले आहे. त्याने रक्तदाब वाढतो, हृदयविकाराचा धोका वाढतो. भारतात त्यावर 2011 पासून बंदी आहे. थायरॉइडचा आजार नसताना बारीक होण्यासाठी थायरॉइडच्या गोळ्या घेणे हेही हृदयाशी खेळणेच.

वजन कमी करण्याची इंजेक्शने आता डॉक्टर लिहून देतात. ती वेगळी, तपासलेली औषधे आहेत आणि तिथे आहाराचा प्रश्न योग्य ठरतो. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ होऊ शकते. म्हणून थोडे थोडे, सावकाश खावे. तळलेले टाळावे. डाळ, अंडी, मासळी आणि पाणी पुरेसे घ्यावे. रमजानपूर्वी डॉक्टरांना विचारूनच रोज्यांचे ठरवावे. मैत्रिणीचे इंजेक्शन मात्र आपण टोचून घेऊ नये.

मुलगी त्याच संध्याकाळी आली. तिने दोनच कॅप्सूल घेतल्या होत्या. डॉक्टरांनी तिला रुग्णालयात एक रात्र नजरेखाली ठेवायला लावले. अल्लाहच्या कृपेने ती सुखरूप घरी आली. आम्ही विचारले, ‘‘बेटी, हे कशासाठी?’’ ती म्हणाली, ‘‘मंगनीत सगळ्या खाला म्हणत होत्या, दुल्हन जरा भरलेली आहे.’’

ते ऐकून तिची अम्मी खाली बघू लागली. आम्हीही. दावतीत असे बोल आपणही किती सहज बोलून जातो! डबीचे झाकण उघडायला तेवढे पुरते.

निकाहचा जोडा शिंप्याने दोन बोटे सैल करून दिला. त्याला अर्धा तास लागला.