भातखाचरातील ट्रॅक्टरचा पुढचा आस का मोडतो?

मावळ तालुका हे पुणे जिल्ह्यातील भाताचे आगर होय. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून तळेगावकडे यावे तसतसे त्याचे मान झपाट्याने उतरत जाते. पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळ या खोऱ्यांतील डोंगरउतारावर पायरीपायरीने बांधलेली खाचरे हेच येथील शेतकऱ्याचे भांडवल आहे. १९८७ साली प्रसारित झालेल्या इंद्रायणी वाणाने मावळच्या तांदळास दूरवरची गिऱ्हाइके मिळवून दिली. तथापि या भाताची चिखलणी करणाऱ्या बैलजोड्या गोठ्यांतून कमी होत गेल्या, आणि त्यांची जागा आता लहान ट्रॅक्टरने घेतली आहे. त्यांतही चारही चाकांना ओढ देणारा, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतील ‘फोर बाय फोर’ ट्रॅक्टर चिखलात अधिक उपयोगी पडतो, असा अनुभव आहे.

हा ट्रॅक्टर उपयोगी खरा. परंतु ऐन लावणीत त्याचा पुढचा आस, ज्यास सर्वजण एक्सल म्हणतात, मोडला म्हणजे शेतकऱ्याची जी कुचंबणा होते ती बैल लंगडल्यानेही होत नसे. बैल लंगडला तर इर्जिकीने शेजाऱ्याची जोडी मिळे. ट्रॅक्टर एकच, आणि त्याच्या भरवशावर राहिलेली खाचरे अनेक, अशी आजची स्थिती आहे. तरवा एकवीस ते पंचवीस दिवसांचा झाला की त्याची लावणी व्हावयास हवी. तो वाफ्यातच वाढून जून झाला तर फुटवे कमी येतात, आणि ही तूट पुढे कितीही खत घातले तरी पुरती भरून निघत नाही. सबब मोडलेला आस ही केवळ गॅरेजमधील बाब नसून पिकाच्या उत्पन्नाची बाब आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

दोष यंत्राचा की वापराचा?

आस मोडला की दोष यंत्राच्या माथी मारण्याचा प्रघात पडला आहे. काही वेळा सुटा भाग सदोष असतो, हे नाकारता येणार नाही. परंतु बहुतेक मोडतोडीचे मूळ वापरात, बांधाच्या रचनेत आणि उन्हाळ्यातील हयगयीत सापडते. ते कसे, हे समजण्यासाठी या यंत्राची रचना थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे.

अशा ट्रॅक्टरची पुढची चाके लहान व मागची मोठी असतात. चिखलात ओढ चांगली लागावी म्हणून पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित अधिक वेगाने फिरतील अशी गिअरांची योजना केलेली असते. हा फरक साधारणतः एक ते पाच टक्के असतो. चिखलात चाके थोडी घसरतात व हा फरक आपोआप जिरतो. डांबरी रस्त्यावर मात्र चाकास घसरावयास वाव नसतो. तेथे पुढची ओढ चालू ठेवून ट्रॅक्टर पळविला तर हा सर्व ताण पुढच्या आसाच्या दांड्यांत, गिअरांत व टायरांत साठत जातो. वळणावर तर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात, त्यामुळे ताण आणखी वाढतो. कामशेतहून गावापर्यंत दररोज असा प्रवास करणाऱ्या ट्रॅक्टरचा आस एखाद्या दिवशी खाचरात मोडला, तर त्याचे कारण त्या दिवशीच्या खाचरात शोधून उपयोग नाही.

दुसरे कारण बांधाचे. एका खाचरातून दुसऱ्यात उतरताना अगर चढताना ट्रॅक्टर तिरका घातला जातो. मागची चाके चिखलात गरगरत असतात आणि पुढचे एकच चाक बांधाच्या टणक कडेस अगर दडलेल्या दगडास भिडलेले असते. अशा वेळी चारही चाकांत वाटली जाणारी ओढ जवळजवळ सगळी त्या एका बाजूवर येते. त्यात चालकाने स्टिअरिंग पूर्ण वळवून इंजिनास जोर दिला, तर वळलेल्या चाकाचा सांधा सर्वांत दुबळ्या स्थितीत सर्वांत मोठा भार पेलत असतो. पुढचा भाग उचलला जाऊन गरगरणारे चाक एकदम दगडावर आदळले तरी हाच परिणाम होतो. दांडा त्या क्षणी तुटतो, किंवा त्यास न दिसणारी चीर जाते व तो पुढल्या आठवड्यात तुटतो.

तिसरे कारण पाणी व वंगण. चाकाजवळील ऑईल सील झिजले, अगर त्यात गवत व प्लॅस्टिकची दोरी गुंडाळली गेली, की खाचरातील पाणी आसाच्या कवचात शिरते. वंगण दुधाळ होते, बेअरिंग गंजतात, गिअरांचे दात खरवडतात. चौथे कारण टायरांचे आहे. पुढचे टायर झिजले म्हणून मिळेल त्या मापाचे बसविले, किंवा मागील बाजूस वेगळ्या व्यासाची लोखंडी चाके लावली, की कारखान्याने जुळविलेला पुढच्या-मागच्या चाकांचा मेळ बिघडतो. हा बिघाड चिखलात खपतो, रस्त्यावर खपत नाही.

आस मोडल्यावर काय करावे

आस मोडण्यापूर्वी बहुधा सूचना मिळते. वळताना कटकट असा आवाज येणे, चाकाच्या आतील बाजूस तेल ओघळणे, पुढच्या एका चाकाची ओढ मंदावणे, स्टिअरिंगमध्ये नवी थरथर जाणवणे, ही लक्षणे दिसताच काम थांबवावे. पाऊस चालू आहे, दोनच खाचरे राहिली आहेत, असे म्हणून पुढे रेटणे महागात पडते. तुटलेला तुकडा कवचात राहिला तर तो शाबूत गिअरही फोडतो, आणि एका दांड्याचा खर्च सबंध आसावर जातो. पुढची ओढ बंद करून मागच्या दोन चाकांवर ट्रॅक्टर हळूहळू बाहेर काढता येतो खरा, पण कवचातून खडखड येत असेल तर तोही मोह टाळून ओढून न्यावा.

येथे एक इशारा अवश्य दिला पाहिजे. अनेक लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांवरच असतात. उतारावर पुढची ओढ चालू असली म्हणजे पुढची चाकेही वेग रोखण्यास साहाय्य करतात. आस मोडलेल्या ट्रॅक्टरला हे साहाय्य मिळत नाही. म्हणून असा ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉलीसह डोंगरउतारावरून कधीही खाली आणू नये.

तुटलेला दांडा वेल्डिंग करून बसविण्याची पद्धत सर्वथा त्याज्य आहे. हा दांडा उष्णतेची विशिष्ट प्रक्रिया करून कणखर केलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने त्याचा तो गुण जातो आणि सांध्याशेजारी तो पुन्हा मोडतो. त्याऐवजी कवच उघडून सर्व तुकडे मोजून बाहेर काढावेत, आतील भाग धुवावा, दोन्ही बाजूंची बेअरिंगे तपासावीत, सील नवी घालावीत, आणि पुस्तिकेत सांगितलेलेच वंगण भरावे. महत्त्वाचे म्हणजे, दांडा का तुटला याचा निर्णय झाल्याशिवाय नवा दांडा घालून यंत्र शेतात सोडू नये. कारण कायम राहिले तर नवा दांडाही जुन्याच्याच वाटेने जातो.

लोणावळा-खंडाळा परिसरातील पर्यटन केंद्रांवर चालणाऱ्या चारचाकी एटीव्ही गाड्यांचीही दुखणी अशीच असतात. त्यांच्या पुढच्या सांध्यांवर रबरी बूट असतात. बूट फाटला की वंगण बाहेर व चिखल आत जातो, आणि सांधा खिळखिळा होऊन मोडतो. अशा गाडीचा तुटलेला दांडा काढून ती तात्पुरती चालवावयाची झाल्यास सांध्याचा बाहेरील खुंट चाकात ठेवावाच लागतो. अनेक गाड्यांत चाकाचे बेअरिंग त्यानेच आवळून धरलेले असते. डिफरन्शियलचे उघडे भोकही बंद करावे, नाहीतर तेल बाहेर जाऊन पाणी आत शिरते. फाटलेला बूट वेळीच बदलला तर हा सगळा खटाटोप टळतो. या गाड्या दुरुस्त करणारे तरुण तालुक्यातच आहेत. त्यांचे कसब शेतीच्या कामी आणण्याचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही.

जबाबदारी कोणाची?

ट्रॅक्टरमालक म्हणतात की चालकास तासावर मजुरी मिळते, तो यंत्राची पर्वा करीत नाही. चालक म्हणतात की शेतकरी घाई करतो व बांधावर वाट ठेवीत नाही. शेतकरी म्हणतो की भाडे घेणाऱ्याने यंत्र सांभाळावे. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच एकट्या कोणाकडून हा प्रश्न सुटणार नाही. केंद्र शासनाचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून सुरू झाले. अनुदानामुळे यंत्रे व अवजारे बँका गावापर्यंत पोहोचण्यास मदत झाली. परंतु यंत्र देणे आणि यंत्र हंगामभर चालते ठेवणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ट्रॅक्टर चालविण्याचे व त्याच्या निगेचे शिक्षण द्यावयास हवे हे देशाने फार पूर्वीच ओळखले होते. मध्य प्रदेशातील बुधनी येथील प्रशिक्षण केंद्र १९५५ सालचे आहे. तेच तत्त्व आता खोऱ्याखोऱ्यात उतरावयास हवे.

त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. शेतकऱ्यांनी उन्हाळ्यात बांधाच्या एका ठरलेल्या जागी सरळ चढण्याउतरण्याजोगा उतार करून घ्यावा व खाचरातील दगड वेचावेत. पावसात पाणी राखण्यासाठी तो उतार मातीने बुजविता येतो. लगतच्या खातेदारांनी ही वाट एका रेषेत ठेवण्याचे आपसांत ठरविले तर उत्तमच. मालकांनी रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी पुढच्या आसाचे वंगण, सील व टायरांची मापे तपासून घ्यावीत, आणि पाण्यातील कामानंतर वंगणाचा रंग पुन्हा पाहावा. चालकांनी रस्त्यावर येताच पुढची ओढ बंद करावी, आणि बांध ओलांडताना चाके सरळ ठेवून सावकाश जावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांवर यातील मोठा भार आहे. खोऱ्यातील ट्रॅक्टरांची मोजदाद करून कोणत्या बनावटीचे किती आहेत हे त्यांनी लिहून ठेवावे. त्यावरून गावच्या विकास सोसायटीस अगर अवजारे बँकेस ऑईल सील, बेअरिंगे व एखादा दांडा यांचा लहानसा साठा मृगापूर्वीच करता येईल. प्रत्येकाने पुण्यास धाव घेण्याचे कारण उरणार नाही. बियाणे व खत यांच्या बैठकींत अर्धा तास आसाच्या निगेसाठी राखून ठेवावा, आणि ती माहिती फळ्यावर न देता उभ्या ट्रॅक्टरपाशी द्यावी.

बैलाच्या खुरास नाल ठोकण्याचे काम कोणी लावणीच्या दिवशी काढीत नसे; ते आधीच उरकलेले असे. ज्या शहाणपणाने मावळच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या बैल राखला, तेच शहाणपण त्याने यंत्रासही लावले, तर त्याचा तरवा वाफ्यात जून होणार नाही आणि खाचर वेळेवर लागेल.