डोळ्यातला क्षय आणि राहून गेलेल्या नोंदी

क्षयरोग म्हटला की आपल्याला खोकला आणि थुंकीची तपासणी आठवते. पण हा रोग डोळ्यातही होतो आणि त्या रुग्णाला पुष्कळदा खोकला नसतोच, हे आपल्या समाजात फार थोड्यांना ठाऊक आहे. डोळा लाल राहतो, दुखतो, उजेड सोसत नाही, नजर धूसर होते. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घातले की चार दिवस बरे वाटते. आतला रोग मात्र तसाच राहतो.

याचे निदान अवघड आहे. डोळ्यातून तपासणीला काढता येणारे पाणी थेंबभर, त्यात जंतू मोजके. ते सापडतीलच असे नाही. मांटू चाचणीवरून फार तर जंतू कधीतरी शरीरात शिरल्याचे कळते. म्हणून डोळ्याच्या आतली सूज, छातीचा एक्स-रे, रक्ततपासणी आणि घरातला पूर्वीचा क्षय हे सारे एकत्र मांडूनच डॉक्टरांना निर्णय घ्यावा लागतो.

त्यात करोना आला. 2019 साली देशात सुमारे 24 लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. 2020 साली ती 18 लाखांवर घसरली. खतावणीत नोंद पडली नाही म्हणून कर्ज फिटत नाही, तसाच हा प्रकार. 2022 पर्यंत आकडा पुन्हा वर गेला, पण मोहिमांचा भर खोकला आणि थुंकीवर. डोळ्याचा रुग्ण त्यात निसटतो.

आपण बालाघाटकर डोळा बिघडला की गोंदिया नाहीतर नागपूर गाठतो. निदान तिकडे झाले तरी सहा महिने किंवा अधिक काळ गोळ्या इथेच घ्यायच्या असतात. निक्षय नोंदणी देशभर एकच आहे, सरकारी औषध मोफत आहे आणि नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी दरमहा 1000 रुपये ठरले आहेत. राज्याची सीमा आड येण्याचे कारण नाही.

म्हणून आपली मागणी साधी असावी : जिल्हा रुग्णालयात डोळ्याच्या आतली सूज असलेला प्रत्येक रुग्ण क्षय विभागाकडे तपासणीला जावा, इथाम्ब्युटॉल घेणाऱ्याची नजर आणि रंगओळख वेळोवेळी तपासावी, कारण ते औषध क्वचित डोळ्याच्या नसेला बाधते, आणि चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे थेंब विकणे बंद व्हावे.

मते मागायला दारी येणाऱ्यांना रस्ता आणि नळाबरोबर हेही विचारा.