थायरॉइडची गोळी आणि यकृत

सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यायची बारीकशी गोळी आज कितीतरी घरांत असते. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले की डॉक्टर ती देतात. गोळी गुणकारी आहे, पण तिचे माप मायक्रोग्रॅममध्ये असते. २५, ५०, १०० हे आकडे म्हणूनच नीट वाचायला हवेत.

या गोळीत थायरॉक्सिन असते, म्हणजे ग्रंथीतून स्रवणारेच संप्रेरक. ते जास्त झाले की साऱ्या शरीराची गती वाढते. छाती धडधडते, हात कापतात, झोप उडते, खाऊनपिऊनही वजन उतरते. यकृतालाही जास्त प्राणवायू लागतो, पण त्याचा रक्तपुरवठा त्या मानाने वाढत नाही. मग यकृताच्या पेशींना इजा होते आणि रक्ततपासणीत एसजीपीटी, एसजीओटी वाढलेले दिसतात. क्वचित कावीळही होते. घरचे लोक झाडपाल्याचे औषध शोधू लागतात. थायरॉइडच्या गोळीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

माप जास्त होते कसे? गरोदरपणात डॉक्टर डोस वाढवतात. बाळंतपणानंतर तो सहसा पूर्वीइतका करायचा असतो. पण बाळाच्या धावपळीत आईची तपासणी राहून जाते आणि वाढवलेला डोस तसाच चालू राहतो. काहीजणी वजन उतरवण्यासाठी मनानेच जास्त गोळी घेतात. वजन कमी करण्यासाठी हे औषध वापरू नये, असा इशारा अमेरिकेत त्याच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत छापलेला असतो.

डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्यावे. ते फार खाली गेले असेल तर गोळी बहुधा जास्त होते आहे. यकृत बिघडायला इतर कारणेही असतात. म्हणून रिपोर्ट दाखवताना गोळीची बाटली सोबत न्यावी. त्रास गोळीमुळेच असेल, तर माप बरोबर झाल्यावर यकृत बहुतेकदा सुधारते.

मात्र घाबरून गोळी बंद करू नये. रमजानमध्ये ती सहरीच्या अर्धा तास आधी घ्यायची की रात्री झोपताना, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. एखादा दिवस चुकला तर मनाने दुप्पट घेऊ नये. घरात दोघींना गोळ्या चालू असतील, तर प्रत्येक बाटलीवर नाव आणि आकडा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.