पाठीतले इंजेक्शन आणि मेडिकलवाल्याचे पक्के बिल

सिझेरियन असो, हर्निया असो की मोडलेला पाय, पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. त्यासाठी आपल्याकडे बहुधा बुपिव्हाकेन हेच औषध वापरले जाते. छोट्या नर्सिंग होममध्ये नातेवाइकांच्या हाती चिठ्ठी देऊन ते बाहेरच्या मेडिकलमधून आणायला सांगतात. आपले बरेच बांधव औषधांच्या धंद्यात आहेत, कुणी काउंटरवर, कुणी होलसेलमध्ये. म्हणून थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे.

हे औषध १९५७ साली स्वीडनमध्ये तयार झाले. लिग्नोकेनचा असर तास-दोन तासांत उतरतो. बुपिव्हाकेन हाताच्या नसांजवळ दिले तर असर चार ते आठ तास राहतो. यंत्रात बोटे सापडलेल्या कारागिराचे ऑपरेशन झाल्यावरही काही तास त्याला कळ जाणवत नाही, ती यामुळेच. पण चुकून शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. १९७९ साली अमेरिकेतले डॉ. जॉर्ज ऑलब्राइट यांनी हा धोका मांडला. त्यानंतर तिथे बाळंतपणासाठी ०.७५ टक्क्यांचे औषध वापरणे थांबवण्यात आले.

आता काउंटरचा विचार करा. याच नावाचा माल तीन प्रकारांत येतो. पहिला साधा ०.५ टक्के. दुसरा 'हेवी', म्हणजे त्याच औषधात ग्लुकोज घालून द्रव जड केलेला. पाठीत देण्यासाठी चार मिलिलिटरच्या अॅम्प्यूलमध्ये मिळतो तो हाच. तिसरी अनेक वेळा वापरायची मोठी बाटली. तिच्यात औषध टिकावे म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह असते, आणि तसला माल पाठीच्या कण्यात देता येत नाही. चिठ्ठीवर हेवी लिहिले असताना, 'तेच आहे, चालेल' म्हणून दुसरे देणारा पोऱ्या आपल्या दुकानात असेल तर त्याला आजच समजवा. चिठ्ठीवरचे औषध बदलून देण्याची मुभा कायद्याने दुकानदाराला नाही. नाही तर नाही म्हणावे, गिऱ्हाईक गेले तरी चालेल.

दुसरी गोष्ट खरेदीची. हे औषध भारत सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे त्याच्या कमाल किमतीवर सरकारी बंधन आहे. एका अॅम्प्यूलमागे सुटते किती? म्हणूनच कुणी बिलाशिवाय मोठी स्कीम घेऊन आला की मन चळते. माल कमी ताकदीचा निघाला तर टेबलावरच्या बाईला कापल्याची कळ लागते आणि डॉक्टरांना ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागते. काउंटरवाल्याला यातले काही दिसत नाही, हीच अडचण आहे.

औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात दुकानदाराला आधार आहे, पण तो अटींवर. माल परवानाधारक उत्पादक किंवा वितरकाकडून घेतला, खोट आहे हे माहीत नव्हते व वाजवी काळजी घेऊनही कळले नसते, आणि आपल्याकडे तो नीट ठेवला होता, हे कलम १९ प्रमाणे शाबित करावे लागते. कच्च्या चिठ्ठीवर ते कसे शाबित होणार? बॅच नंबर असलेले पक्के बिल हाच पुरावा. 'नीट ठेवला होता' हे शब्दही हलके घेऊ नका. मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये खोके तापत असेल तर लेबलवर लिहिलेल्या तापमानाला काय अर्थ राहिला?

नमुना घेतला जातो तेव्हा इन्स्पेक्टरशी हुज्जत घालणारे पुष्कळ पाहिले. त्याऐवजी नमुन्याचे सील आपल्यासमोर लागते का ते बघावे आणि आपला हिस्सा मागून घ्यावा. शंका असेल तर आपणही ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेऊ शकतो. कलम २६ तसा हक्क देते. फार थोडे लोक तो वापरतात.

केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणा दर महिन्याला तपासणीत नापास झालेल्या औषधांची यादी बॅच नंबरसह जाहीर करते. आपला स्टॉक तिच्याशी ताडायला फार वेळ लागत नाही. आपला बॅच निघाला तर माल वेगळा काढून स्टॉकिस्टला लेखी कळवावे, आणि ज्या नर्सिंग होमला दिला असेल तिथे त्याच दिवशी फोन करावा.