आश्रयाची जबाबदारी कोणाची?

आश्रयासाठी आलेला अर्ज मंजूर करायचा की नाही, हा प्रश्न पुढचा. तो तपासायचा कोणत्या देशाने, हे आधी ठरवावे लागते. युरोपीय देशांनी त्यासाठी १९९० मध्ये डब्लिन येथे करार केला. २००३ आणि २०१३ मध्ये त्याची जागा नव्या नियमांनी घेतली. सूत्र मात्र तेच राहिले. जवळचे कुटुंबीय एखाद्या देशात आश्रयाला असतील तर तो देश, अन्यथा बहुधा अर्जदाराने विनापरवाना जेथे प्रथम पाऊल ठेवले तो देश जबाबदार. साहजिकच ग्रीस आणि इटलीवर भार पडला. बेल्जियमने एका अफगाण अर्जदाराला याच नियमाने ग्रीसमध्ये धाडले, तेव्हा युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०११ मध्ये दोन्ही देशांना दोषी ठरविले. तेथील हालअपेष्टा ठाऊक असताना बेल्जियमला हात झटकता येणार नाहीत, असा त्या निकालाचा आशय होता. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या सुधारणांनी इतर देशांवर माणसे स्वीकारण्याची वा पैशाने अथवा अन्य मार्गाने मदत करण्याची जबाबदारी टाकली. पण प्रथम प्रवेशाचा निकष कायमच आहे.

महाराष्ट्राने हा पेच जवळून पाहिला आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यात बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेले हे लोक इराणमार्गे भारतात आले होते. त्यांची काळजी लंडनमधील पोलिश सरकार वाहत होते. परंतु जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली. अनेकांची गावेही सोव्हिएत हद्दीत गेली होती. आता ही माणसे कोणाची? प्रथम प्रवेशाचा नियम लावला असता, तर त्यांना इराणकडे बोट दाखवावे लागले असते. रास्त कारणाने परतण्यास नकार देणाऱ्या निर्वासितांवर सक्ती करू नये, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने फेब्रुवारी १९४६ मध्ये केला. वळिवड्याचे काही रहिवासी पोलंडला परतले. ब्रिटिश सेनापतींच्या हाताखाली लढलेल्या पोलिश सैनिकांची कुटुंबे ब्रिटनला गेली, तर काहींनी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका गाठली.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे स्वतंत्र निर्वासित कायदाही नाही. तिबेटी व श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांबाबत केंद्र सरकार निर्णय घेते. अफगाणिस्तान, म्यानमारसारख्या देशांतून आलेल्यांचे अर्ज प्रामुख्याने संयुक्त राष्ट्रांचे दिल्लीतील कार्यालय तपासते. उद्या येथे कायदा झालाच, तर सीमा कोठे ओलांडली यापेक्षा आप्त कोठे आहेत आणि जीव कोठे सुरक्षित राहील, या प्रश्नांना त्यात अग्रक्रम हवा. वळिवड्याचा अनुभव त्याच बाजूने बोलतो.