पिल्लू पहिल्यांदा गोठ्याकडे जाताना

सुट्टीत गावी जाताना यंदा घरातलं कुत्र्याचं पिल्लूही गाडीत असणार आहे का? मग निघण्याआधी हे वाचा. आम्ही निघालो तेव्हा काहीच वाचलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आमचा चार महिन्यांचा जर्मन शेफर्ड, शेरू, पहिल्यांदा गावी आला. शेजारच्या आजींच्या शेळ्या दिसताच त्याने हातातला पट्टा हिसडला आणि धूम ठोकली. शेळ्या पुढे, तो मागे. मुलं खिदळत होती आणि मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. त्याने कुणाला साधा ओरखडाही काढला नाही. पण कळपातली एक शेळी गाभण होती आणि दुसऱ्या दिवशी ती गाभडली. पाठलागामुळेच, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. पण गाभण जनावर घाबरून पळालं की हा धोका असतोच. आजी भांडल्या नाहीत. "नातीच्या शाळेच्या खर्चाला तीच होती गं," एवढंच म्हणाल्या. आम्ही पैसे दिले. व्हिडिओ मी त्याच रात्री काढून टाकला.

चूक शेरूची नव्हती. जर्मन शेफर्ड ही मुळात मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांची जात. 1899 साली माक्स फॉन स्टेफानिट्स यांनी जर्मनीत ती रीतसर नोंदवली. बॉर्डर कोलीचंही तसंच. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर 1893 साली जन्मलेला 'ओल्ड हेम्प' हा त्या जातीचा मूळपुरुष मानला जातो. ही कुत्री जे करतात ते खरं तर शिकारच असते, फक्त अर्ध्यावर थांबवलेली. रोखून पाहायचं, दबकत पुढे जायचं, पाठलाग करायचा; पण मारायचं नाही. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून हे साधलं. मात्र 'कुठे थांबायचं' हे प्रत्येक पिल्लाला शिकवावंच लागतं.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. आपल्या धनगरांची किंवा हिमाचलातल्या गद्दी लोकांची कुत्री कळप हाकत नाहीत, राखतात. लांडगा, बिबट्या आला तर भुंकतात, अंगावर जातात. त्यामुळे कुत्र्याने हाकलण्याची आपल्या शेळ्या-मेंढ्यांना सवयच नसते. मागे धावणारं अनोळखी कुत्रं म्हणजे त्यांच्या लेखी संकटच.

मग ओळख करून द्यायची कशी?

आधी डॉक्टर. पिल्लाची लसीकरणाची सुरुवातीची मात्रा पूर्ण झालेली असावी, रेबीजची लस टोचलेली असावी आणि जंताचं औषध वेळेवर दिलेलं असावं. कुत्र्याच्या विष्ठेतून काही जंतांची अंडी चाऱ्यावर पडतात आणि शेळ्या-मेंढ्यांना, कधी माणसालाही, आजार होतात. म्हणून पिल्लाची विष्ठा लगेच उचला आणि कापलेल्या जनावराची कच्ची आतडी-काळीज त्याला कधीही घालू नका.

पहिले दिवस फक्त बघण्याचे. कुंपणापासून बरंच लांब, पिल्लाला पट्ट्याला धरून बसा. जनावरं दिसावीत, त्यांचा वास यावा, आवाज ऐकू यावा, बस. पाच-दहा मिनिटं पुरेत. पिल्लाने जनावरांवरची नजर काढून तुमच्याकडे पाहिलं की लगेच शाबासकी आणि खाऊ द्या. अंग ताठ झालं, नजर खिळली, हाक ऐकू येईनाशी झाली, तर ओरडू नका. चार पावलं मागे या. शेपूट पायात घालून थरथरत असेल, तरीही मागेच या. भीती आणि हावरेपणा, दोन्हींवर अंतर हेच औषध.

ते शांत बसायला लागलं की रोज थोडं जवळ जा, पण मध्ये कुंपण हवंच. वेळ सकाळची किंवा सूर्य कलल्यानंतरची ठेवा. दाट केसांच्या पिल्लांना आपलं ऊन सोसत नाही.

जनावर निवडून घ्या. कुत्र्यांना सरावलेली, शांत, वयस्क शेळी किंवा मेंढी चांगली. गाभण जनावर, नुकती व्यालेली गाय-म्हैस, पिल्लं असलेली शेळी आणि बैल यांच्याजवळ मुळीच नको. गाईची एक लाथ किंवा म्हशीची एक ढुशी पिल्लाचा जीव घेऊ शकते. जीव वाचला, तरी बसलेली धास्ती आयुष्यभर राहू शकते.

हाकण्याचं खरं शिक्षण फार पुढचं. परदेशातले मेंढपाळही पिल्लाला साधारण आठ महिने ते वर्षभराचं होऊ देतात. मेंढीला वळसा घालण्याइतका वेग आणि ऐकण्याइतकी समज आली की मगच कळपात सोडतात. तोवर तीन शब्द पक्के करा: 'बस', 'थांब' आणि 'इकडे ये'. घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरावेत. अंगणात कोंबड्यांमागे धावण्याचं कौतुक करू नका. आज जे गोड वाटतं, त्याचीच उद्या खोड होते.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. जनावरांना जंत-गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिन देतात. ते काही दिवस शेणातूनही बाहेर पडतं. कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींतल्या अनेक कुत्र्यांना, आणि काही जर्मन शेफर्डनाही, जन्मतःच हे औषध सोसत नाही. त्याचा परिणाम मेंदूवर होतो. पिल्लं शेण-लेंड्या तोंडात घालतातच. म्हणून गोठ्यात औषध कधी दिलं, ते मालकाला आधी विचारा. पिल्लू झोकांडायला लागलं, लाळ गाळू लागलं, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

आणि सगळ्यांत आधी, ज्यांची जनावरं आहेत त्यांची परवानगी घ्या. आपल्याला तो सुट्टीतला विरंगुळा वाटतो. त्यांच्या दावणीला मात्र घरखर्च बांधलेला असतो.

यंदा मे महिन्यात शेरूला घेऊन आम्ही पुन्हा गावी गेलो. आता तो मोठा झालाय, 'बस' म्हटलं की बसतो. तरी मी आजींना आधी विचारलं. त्यांनी त्याला जरा वेळ न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बसू दे कुंपणाबाहेर. पण दोरी तू धर, पोरांच्या हातात देऊ नकोस."

मी दोरी धरली. मोबाइल घरातच ठेवला होता.